नाकाखालची खपली आणि कपाटातली ट्यूब

जानेवारीत आपल्या बेटावर शाळा उघडतात तेव्हा उन्हाळा भरात असतो. वर्गात पंखा फिरतो, पण मुलांच्या मानेवरचा घाम काही वाळत नाही. डास चावलेले, खाजवलेले, ऊसाच्या पातीने कापलेले, समुद्रावर खडकाला खरचटलेले असे हातपाय घेऊन मुले येतात. त्यातच वादळ येऊन गेले असले आणि दोन-तीन दिवस नळाला पाणी नसले की आंघोळ कमी आणि खाज जास्त. मग एखाद्या मुलाच्या नाकाखाली किंवा ओठाच्या कोपऱ्याला लहानसा फोड दिसतो. दोन दिवसांत तो फुटतो आणि त्यावर मध वाळल्यासारखी पिवळी खपली धरते. घरी आपण क्रिओलमध्ये ‘बोबो’ म्हणून सोडून देतो. आठवड्याभरात शेजारच्या बाकावरच्या मुलालाही तसेच झालेले असते.

डॉक्टर या रोगाला इम्पेटिगो म्हणतात. त्वचेवर चीर पडली की स्टॅफिलोकॉकस किंवा स्ट्रेप्टोकॉकस या जातीचे जंतू आत शिरतात आणि वरच्या थरात वाढतात. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत हा रोग सर्वांत जास्त दिसतो, पण प्राथमिक शाळेतली मुलेही काही सुटत नाहीत. हाताने, टॉवेलने, उशीच्या अभ्र्याने तो पसरतो. ज्या घरात खरूज आहे तिथे तो पुन्हा पुन्हा येतो, कारण खाजवण्याने जंतूंना रोज नवे दार उघडून मिळते. अशा घरात खरजेवर उपाय न करता नुसते फोडावर मलम लावीत राहणे म्हणजे दार उघडे ठेवून अंगण झाडण्यासारखे आहे.

हे सारे मी वर्गात मुलांना आणि पालकसभेत आयांना सांगत आले आहे. तरीही माझ्याच घरी मी जे केले ते आज वाचकांसमोर मांडते. त्यात लाज आहे, पण कोणाच्या उपयोगी पडले तर बरे.

माझा धाकटा सहा वर्षांचा असताना त्याच्या नाकाखाली अशीच खपली आली. कपाटात अर्धी संपलेली ट्यूब होती. ती सासऱ्यांच्या पायाच्या जखमेसाठी डॉक्टरांनी कधीतरी दिली होती. मी ती दोन दिवस लावली. खपली कमी दिसली, शाळेची घाई होती, म्हणून थांबले. चार दिवसांनी खपली परत आली आणि आता हनुवटीवरही आली. पुन्हा दोन दिवस लावली, पुन्हा थांबले. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, नणंदेने मुंबईहून आणलेले मलम लाव ना, ते कशालाही चालते.” नणंद लग्नाच्या खरेदीला मुंबईला गेली होती आणि साड्यांबरोबर औषधांच्या पाच-सहा ट्यूबाही घेऊन आली होती. ते मलम लावले आणि खरोखरच दोन दिवसांत लाली गेली, खाज गेली. आम्ही खूश झालो. पाचव्या दिवशी मात्र गालावर, कानामागे आणि दंडावर नवे फोड होते.

तेव्हा मी त्याला घेऊन गावच्या कम्युनिटी हेल्थ सेंटरात गेले. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही ट्यूबा मागून घेतल्या, चष्मा वर करून बारीक अक्षरे वाचली आणि विचारले, “बाई, तुम्ही शिक्षिका ना? हे वाचले होते का?” मी वाचले नव्हते.

मुंबईच्या ट्यूबमध्ये तीन औषधे एकत्र होती: एक जंतूंवरचे, एक गजकर्णासारख्या बुरशीवरचे आणि तिसरे जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबून टाकते, म्हणून रोग गेल्यासारखा वाटतो. पण त्याच वेळी ते त्वचेची स्वतःची लढण्याची ताकदही दाबते आणि जंतू खाली निवांत वाढतात. गजकर्णावर असले मलम लावले तर ते पसरते, रूप बदलते आणि मग डॉक्टरांनाही चटकन ओळखता येत नाही. चेहऱ्यावर फार दिवस लावले तर कातडी पातळ होते. भारतातून येताना आपली माणसे प्रेमाने अशा ट्यूबा आणतात. त्यांचे प्रेम घ्यावे, ट्यूब डॉक्टरांना दाखवावी.

आता पहिल्या ट्यूबबद्दल. ती औषध म्हणून चांगलीच होती. त्वचेच्या अशा रोगावर साधारणपणे दोन मलमे दिली जातात. एक फ्युसिडिक ॲसिड आणि दुसरे म्युपिरोसिन, दोन्ही 2 टक्क्यांची. पहिले 1962 पासून वापरात आहे आणि दुसरे 1985 च्या सुमारास बाजारात आले. गंमत म्हणजे दोन्ही सूक्ष्म जीवांपासूनच मिळाली आहेत, पहिले बुरशीपासून आणि दुसरे एका जंतूपासून. फोड थोडे आणि एकाच भागात असतील तर अशा मलमाने काम भागते. ते बहुधा दिवसातून तीन वेळा, पाच दिवस लावायला सांगतात. फोड अंगभर पसरले असतील, मोठे पाण्याचे फोड असतील किंवा ताप असेल तर मलम पुरत नाही, पोटात औषध घ्यावे लागते. माझ्या मुलाची तोवर तीच अवस्था झाली होती.

चूक औषधाची नव्हती. चूक माझ्या दोन-दोन दिवसांची होती. थोडे औषध दिले की दुबळे जंतू मरतात, टणक उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना 1928 मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात पेनिसिलिनचा शोध लागला तो स्टॅफिलोकॉकस वाढवलेल्या बशीतच, म्हणजे आपल्या मुलांच्या नाकाखाली असतो त्याच जातीच्या जंतूंच्या बशीत. 1945 मध्ये नोबेल पारितोषिक घेताना त्यांनी याच गोष्टीचा इशारा दिला होता की कमी प्रमाणात औषध घेतले तर जंतू त्याला सरावतात. मलमाच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडले आहे. 2000 सालाच्या आसपास स्वीडन आणि नॉर्वेमध्ये मुलांत असा इम्पेटिगो पसरला की ज्यावर फ्युसिडिक ॲसिड चालतच नव्हते. म्हणूनच इंग्लंडमध्ये 2020 पासून डॉक्टरांना असे सांगण्यात आले आहे की फोड थोडे असतील आणि मूल एरवी ठीक असेल तर आधी 1 टक्का हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मलमाचा विचार करावा, कारण ते अँटिबायोटिक नव्हे. (घरात जखम धुवायला ठेवलेली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली म्हणजे हे मलम नव्हे. ती मुलाच्या तोंडावर ओतू नये.)

मलम लावायचे कसे हे डॉक्टरीणबाईंनी मला मुलाला शिकवावे तसे शिकवले. आधी आपले हात साबणाने धुवायचे. कोमट पाण्यात स्वच्छ फडके भिजवून ते काही मिनिटे खपलीवर धरायचे, म्हणजे ती मऊ होते. सुटेल तेवढीच हलक्या हाताने काढायची, ओढून रक्त काढायचे नाही. जाड खपलीवर मलम थापले तर ते वरच राहते, जंतू खाली असतात. जागा टिपून कोरडी करायची आणि मग पातळ थर द्यायचा. लहान जागेला वाटाण्याएवढे मलमही पुष्कळ होते. ट्यूबचे तोंड फोडाला टेकवायचे नाही, नाहीतर जंतू आत जाऊन बसतात. नंतर पुन्हा हात धुवायचे. आणि बरे दिसले तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. तसेच दहा दिवसांच्या वर आपल्या मनाने चालू ठेवायचेही नाही. दोन-तीन दिवसांत काहीच फरक दिसला नाही, किंवा फोड वाढू लागले, तर जास्त मलम लावणे हा उपाय नव्हे. पुन्हा दाखवायला जावे.

मुलाचा टॉवेल वेगळा ठेवावा, अभ्रे आणि कपडे गरम पाण्यात धुवावेत, नखे कापावीत. शाळेत पाठवायचे केव्हा, हे आया मला नेहमी विचारतात. फोड सुकेपर्यंत किंवा औषध सुरू होऊन 48 तास होईपर्यंत घरी ठेवावे. एक मराठीचा धडा चुकला तर मी पुन्हा शिकवीन.

हळदीविषयी माझ्याकडे तक्रार येणारच, म्हणून सांगते. आपल्याकडे जिला सफ्रान म्हणतात ती आजीची हळद स्वयंपाकात आणि देव्हाऱ्यात राहू द्या. फुटलेल्या फोडावर हळद, टूथपेस्ट किंवा खोबरेल तेल लावले की खपली आणखी जाड होते आणि डॉक्टरांना खालची कातडी दिसत नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तेलकट मलमांत पॅराफिन असते आणि ते कपड्यात मुरले की कपडा लवकर पेट घेतो. अशा कपड्यांनी समई किंवा गॅस यांच्याजवळ जपून वावरावे.

मोठ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली गळवाची. गळू त्वचेत खोल असते, मलम तिथवर पोहोचत नाही. कोमट शेक द्यावा, पिळू नये, विशेषतः नाक आणि वरच्या ओठाच्या भागात. मोठे झाले तर डॉक्टर चीर देऊन पू काढतात. दुसरी मधुमेहाची. आपल्या देशात 2021 च्या पाहणीत पाच प्रौढांपैकी जवळजवळ एकाला मधुमेह आढळला. त्यामुळे ही गोष्ट घराघराची आहे. मधुमेह असलेल्याच्या पायावर जखम झाली की ट्यूब शोधत बसू नये, त्याच दिवशी पाय दाखवावा. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी म्युपिरोसिनचे काही प्रकार मोठ्या उघड्या जखमेवर किंवा भाजलेल्या जागी लावू नयेत, कारण त्यातला मूळ लेप अंगात शोषला जातो. कोणाच्याही डोळ्यात हे मलम जाऊ देऊ नये. तान्ह्या बाळाला फोड आले, लाली भराभर पसरली, लाल रेघ वर चढली, ताप आला किंवा डोळ्याभोवती सूज आली तर वाट पाहायची नाही.

माझ्या धाकट्याला पोटातले औषध मिळाले आणि फोड आठ दिवसांत सुकले. मी निर्धास्त झाले. त्यानंतर दोन आठवडे झाले असतील, एका सकाळी तो उठला तेव्हा पापण्या सुजल्या होत्या. मला वाटले डास चावला. दुपारी त्याने मला हाक मारली, “आई, बघ, शू काळ्या चहासारखी.” तेव्हा माझे पाय गळाले. स्ट्रेप्टोकॉकसमुळे त्वचेचा रोग झाल्यावर काही आठवड्यांनी थोड्या मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येते. लघवीत रक्त जाते, तोंड सुजते, रक्तदाब चढतो. रुग्णालयात त्याला पाच दिवस ठेवले. रोज वजन, रोज रक्तदाब, मीठ बंद, पाणी मोजून. पाचही रात्री मी खुर्चीवर काढल्या आणि त्या दोन-दोन दिवसांचा हिशेब करीत राहिले.

मी डॉक्टरांना सरळच विचारले की हे माझ्या चुकीमुळे झाले का. ते म्हणाले की वेळेवर औषध घेऊनही कधी कधी हे होते, म्हणून तसे ठामपणे कोणीच म्हणू शकत नाही. पण रोग लवकर आटोक्यात आला असता तर तो घरभर आणि वर्गभर फिरला नसता, एवढे नक्की. त्याच आठवड्यात माझ्या वर्गातली दोन मुले खपल्या घेऊन आली होती. माझा मुलगा शाळेनंतर रोज माझ्याच वर्गात येऊन बसत असे.

बहुतेक मुले यातून पूर्ण बरी होतात. तोही झाला. वर्षभर दर काही महिन्यांनी लघवी तपासायला नेत होतो. बाटली हातात घेऊन तो रांगेत उभा राहायचा आणि ओळखीचे कोणी दिसले की पाठीमागे लपवायचा.

आता आमच्या घरी औषधाच्या डब्यावर एक कागद चिकटवला आहे. ट्यूब कोणाची, कशासाठी, केव्हा उघडली, हे त्यावर लिहायचे. उपचार संपला की उरलेली ट्यूब फार्मसीत नेऊन ती कशी टाकायची ते विचारायचे. ऑर्दोनांसशिवाय नवी आणायची नाही. मागच्या वर्षी नणंद पुन्हा मुंबईला निघाली, तेव्हा सासूबाईंनीच तिला फोन करून सांगितले, “साड्या आण, चिवडा आण, मलमे नकोत.”