जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका; लहानपणीचे गेम त्यावर पुन्हा चालतात, तेही फुकट आणि विनानेट

शाळेच्या किंवा क्लासच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर बाहेर गेले की 'डेव्ह' नाहीतर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' सुरू करणारी पिढी आता चाळिशीला आली. ते गेम आजच्या विंडोजवर उघडायला गेलं की 'हे अॅप तुमच्या पीसीवर चालणार नाही' असा निरोप येतो. मग शोधाशोध करताना कुणीतरी व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल पाठवतं आणि तिथेच घोळ होतो. खरं तर हे गेम चालवायची सोपी, मोफत आणि सुरक्षित सोय २००२ पासून आहे. तिचं नाव डॉसबॉक्स.

जुना गेम का चालत नाही?

विंडोज येण्याआधी कॉम्प्युटर 'डॉस'वर चालायचे. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत आज्ञा टाईप करायची आणि एंटर दाबायचं. त्या काळचे बहुतेक गेम १६ बिटचे आहेत. आजचं विंडोज ६४ बिटचं आहे आणि त्यातून १६ बिट चालवायची सोय काढलेली आहे. बैलाचं औत तसंच्या तसं ट्रॅक्टरला जोडता येत नाही, तसा हा प्रकार.

इथे इम्युलेटर कामाला येतो. तो नव्या कॉम्प्युटरच्या आत जुना कॉम्प्युटर उभा करतो. त्यात जुना प्रोसेसर, जुनं साऊंड कार्ड, जुनी स्क्रीन सगळं खोटं खोटं तयार होतं. औताला वाटतं पुढे बैलच चालतोय. डॉसबॉक्स हा असाच इम्युलेटर आहे.

काय लागेल?

विंडोज ७ किंवा १० असलेला जुना कॉम्प्युटर पुरतो. विंडोज १० चे मोफत अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. त्यामुळे असे अनेक कॉम्प्युटर आता कोपऱ्यात पडतील. बँकेच्या कामाला ते वापरू नयेत, पण नेट न जोडता गेम खेळायला काहीच अडचण नाही.

डॉसबॉक्सची फाइल दोन एमबीची सुद्धा नाही. ती मोबाईलवर उतरवून पेन ड्राइव्हने कॉम्प्युटरवर नेता येते. पत्ता एकच लक्षात ठेवायचा : डॉसबॉक्स डॉट कॉम. डाउनलोड दाबल्यावर ती साईट सोर्सफोर्ज नावाच्या दुसऱ्या साईटवर नेते, ते बरोबर आहे. ०.७४-३ ही आवृत्ती घ्यावी. पैसे, ओटीपी, मोबाईल नंबर यातलं काहीही मागितलं तर साईट चुकली, असं समजून बाहेर पडावं.

बसवायचं कसं?

१. फाइलवर डबल क्लिक करून डॉसबॉक्स इन्स्टॉल करावं. डेस्कटॉपवर त्याचं चिन्ह येतं.

२. सी ड्राइव्हमध्ये 'गेम्स' नावाचं फोल्डर इंग्रजीत बनवावं. त्यात प्रत्येक गेमचं वेगळं फोल्डर ठेवावं. नाव आठ अक्षरांच्या आत असावं आणि मध्ये जागा सोडू नये, कारण डॉसला लांब नाव कळत नाही.

३. गेम झिप फाइलमध्ये असेल तर आधी ती उलगडून सगळ्या फाइली त्या फोल्डरमध्ये टाकाव्यात.

४. आता गेमची मुख्य फाइल, म्हणजे जिच्या शेवटी डॉट ईएक्सई असतं ती, माऊसने ओढून डॉसबॉक्सच्या चिन्हावर सोडावी. गेम सुरू होतो. आज्ञा टाईप करायची गरज पडत नाही.

ज्यांना आज्ञा देऊनच चालवायचं आहे त्यांनी 'माउंट' ही आज्ञा वापरून फक्त गेम्स फोल्डर जोडावं. पूर्ण सी ड्राइव्ह कधीही जोडू नये. जुन्या प्रोग्रॅमच्या हातात घरातल्या सगळ्या फाइली जातात आणि एखादी आज्ञा चुकली तर लेकराबाळांचे फोटोही पुसले जाऊ शकतात.

अडलं तर या कळा दाबा

गेम फार पळत असेल तर कंट्रोल आणि एफ११ दाबावं, वेग कमी होतो. संथ वाटला तर कंट्रोल आणि एफ१२. स्क्रीन मोठी करायला ऑल्ट आणि एंटर. माऊस गेममध्ये अडकला तर कंट्रोल आणि एफ१० दाबून सोडवावा.

गेम कुठला घ्यावा?

गेम जुना झाला म्हणून त्याची मालकी संपत नाही. भारतीय कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पुस्तकासारखाच कॉपीराइट आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ चा आहे, तरी तो फुकट वाटायची मोकळीक नाही.

पण त्या काळी 'शेअरवेअर' नावाची पद्धत होती. गेमचा पहिला भाग कंपनीच फुकट वाटायची. आवडला तर पुढचे भाग विकत घ्यायचे. १९९० चा 'कमांडर कीन' आणि १९९३ चा 'डूम' यांचे पहिले भाग असेच वाटले गेले. कीनमध्ये आठ वर्षांचा पोरगा मंगळावर जाऊन पोहोचतो. कंट्रोल दाबलं की उडी मारतो. तो लहान मुलांना चालतो, सुरुवात त्यानेच करावी. डूममध्ये बंदूक आणि रक्त आहे, तो लहानग्यांच्या हाती देऊ नये. आर्काइव्ह डॉट ऑर्ग या साईटवर असे शेअरवेअर भाग मिळतात. शोधताना 'शेअरवेअर' हा शब्द जरूर टाकावा.

एवढी खटपट कशासाठी?

या गेममध्ये मधेच जाहिरात येत नाही आणि पुढच्या लेव्हलसाठी पैसे लागत नाहीत. डेटा संपत नाही. मुख्य म्हणजे पोराच्या हातात बापाचा मोबाईल द्यावा लागत नाही. त्याच मोबाईलवर बँकेचे मेसेज येतात, ओटीपी येतात, अनुदान जमा झाल्याचं कळतं. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन किंवा सरकारी योजना अशा नावाने आलेल्या एपीके फाइली उघडून खाती रिकामी झाल्याचे प्रकार घडले आहेत. गेमच्या नावाने आलेली एपीकेही त्याच रांगेतली समजावी. ती उघडू नये.

चुकून उघडलीच आणि पैसे गेले, तर मोबाईलचं नेट लगेच बंद करून बँकेला कळवावं आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.