बॉलिवूडमधला ‘ब’ कुणाचा?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला जरा रागानंच विचारलं, “सर, बॉलिवूड ही अमेरिकेची नक्कल. तुम्ही हा शब्द वापरता कसा?” प्रश्न रास्त आहे. पण आधी शब्द आला कुठून ते बघू.

हॉलिवूड ही लॉस एंजेलिसमधली खरीखुरी वस्ती. तिच्यावरून आपल्याकडे आधी बनलं ते टॉलिवूड, कलकत्त्याच्या टॉलिगंजवरून. विल्फर्ड डेमिंग या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञाच्या १९३२ सालच्या लेखात ते सापडतं. आता गंमत बघा. हाच डेमिंग त्याआधी मुंबईत, अर्देशिर इराणींच्या इंपीरियल कंपनीत, ध्वनियंत्र जोडायला आला होता. रोजचे शंभर रुपये घ्यायचा, त्या काळात! इराणी मग स्वतःच ते काम शिकले आणि ‘आलम आरा’ पुरा केला. १४ मार्च १९३१ ला तो गिरगावात मॅजेस्टिकला लागला.

मुंबईच्या वाट्याला असा शब्द आला तो १९७०च्या दशकात. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाच्या १९७६ च्या इन्स्पेक्टर घोटेच्या कादंबरीत तो आहे. शब्द आपणच घडवला म्हणणारे आपल्याकडे एकाहून जास्त आहेत. त्या भांडणात मी पडत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. हॉलिवूड, टॉलिगंज या जागा आहेत. टॅक्सीवाल्याला ‘बॉलिवूडला चल’ म्हणून बघा! फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला केला, रणजित स्टुडिओ दादरलाच, शांतारामबापूंचं राजकमल परळला. ‘ब’ आहे बॉम्बेचा, आणि बॉम्बेची तर १९९५ साली मुंबई झाली. ‘ब’ मात्र जागचा हलला नाही.

जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञानं १८४३ साली नेमका हाच मुद्दा मांडला होता. डार्ट नदीच्या मुखाशी वसलं म्हणून त्या गावाचं नाव डार्टमथ. उद्या नदीनं पात्र बदललं तरी गाव डार्टमथच राहील. नाव पडण्याचं कारण एक, नावाचा अर्थ दुसरा. आपल्या इथलंच घ्या ना. शीव म्हणजे वेस, मुंबई बेटाची हद्द. आज इथं कुठली वेस उरलीय? आणि हॉटेलातलं ‘प्रॉन्स कोळीवाडा’ हे काही कोळणींच्या चुलीवरचं नव्हे, फाळणीनंतर इथं आलेल्या पंजाबी मंडळींच्या कढईतलं आहे. (हशा)

म्हणून नकलेचा आरोप मला फारसा टोचत नाही. वापरून वापरून नक्कलही आपली होते. पण शब्दाचा आजचा अर्थ बघा. अक्षर सांगतं ‘मुंबई’, आपण समजतो ‘हिंदी सिनेमा’. राजकमलचा ‘अमर भूपाळी’, १९५१ चा. याच शहरातल्या कंपनीचा. त्याला कुणी बॉलिवूडचा म्हणतं का? नाही. तो ‘प्रादेशिक’! मुंबईच्या नावानं बनलेल्या शब्दात मुंबईचा मराठी चित्रपट बाहेर उभा राहतो, आणि हे आपल्याही लक्षात येत नाही, कारण शब्द आपल्या तोंडी बसलाय.

तेव्हा मी काय करतो? हिंदी चित्रपटांबद्दल बोलायचं असेल तेव्हा ‘हिंदी चित्रपट’ म्हणतो. सहा अक्षरं लागतात, चार नाही. मागच्या वेळी चुकून बॉलिवूड म्हणून गेलो, ते त्या श्रोत्यांनी बरोबर पकडलं.