गावाच्या पंचांगातला मुक्काम : बाली ते देवरी

प्रवासाची साधने जसजशी वाढली तसतसा एकेका ठिकाणी घालवला जाणारा वेळ कमी होत गेला आणि चार दिवसांत सहा स्थळे पाहून परतणे ही पर्यटनाची सर्वमान्य रीत होऊन बसली. या रीतीला कंटाळलेले काही प्रवासी अलीकडे एकाच गावात कित्येक महिने भाड्याने घर घेऊन राहतात, तिथल्याच बाजारात भाजीपाला घेतात, तिथली भाषा कामापुरती शिकतात आणि तिथल्या सणावारांच्या क्रमाने आपले दिवस लावून घेतात. इटलीत कार्लो पेत्रिनी यांनी १९८६ पासून घाईच्या खाण्याला जो संघटित विरोध सुरू केला, त्यातून संथ जगण्याचा विचार जगभर पसरला आणि तो प्रवासालाही लागू होऊ लागला. महाराष्ट्राला मात्र ही कल्पना परकी नाही. पावसाळ्याचे चार महिने एकाच गावी राहण्याचा संन्याशांचा चातुर्मास येथे शतकानुशतके पाळला गेला, आणि श्रीचक्रधरस्वामींच्या भ्रमणाची नोंद ठेवणाऱ्या महानुभाव ग्रंथकारांनी रात्रीपुरती वसती आणि अनेक दिवसांचे अवस्थान यांच्या जागा वेगवेगळ्या नोंदवून ठेवल्या.

या प्रकारच्या मुक्कामासाठी आज सर्वांत प्रसिद्ध असलेले ठिकाण म्हणजे इंडोनेशियातील बाली बेट होय. पानांच्या लहानशा द्रोणात फुले व नैवेद्य ठेवून उदबत्तीसह तो उंबऱ्यापाशी, देव्हाऱ्यात, दुकानासमोर रोज अर्पण करणे, हा तेथील प्रत्येक हिंदू घराचा नित्यक्रम असून या अर्पणाला ‘चनांग सारी’ म्हणतात. बालीत दोन कालगणना एकाच वेळी चालतात. एक २१० दिवसांच्या चक्राची असून तिच्यानुसार पितरांच्या आगमनाचा गलुंगान हा सण आणि त्यानंतर दहा दिवसांनी येणारा कुनिंगान साजरा होतो, तर दुसरी शक कालगणना आहे. तिचा नववर्षदिन, म्हणजे ‘न्येपी’, मौनाने पाळला जातो. त्या दिवशी अग्नी पेटवणे, काम, प्रवास आणि करमणूक ही चारही वर्ज्य असतात, रस्ते ओस पडतात आणि विमानतळसुद्धा दिवसभर बंद राहतो. मराठी पंचांगातील शालिवाहन शक आणि बालीचा शक एकच असल्यामुळे २०२३ साली २२ मार्चला महाराष्ट्रात गुढ्या उभारल्या गेल्या, त्याच दिवशी शक १९४५ च्या प्रारंभी बाली निःशब्द झाले होते.

बालीत दीर्घकाळ राहिलेल्या परदेशी माणसांची परंपरा जुनी आहे. जर्मन चित्रकार वाल्टर स्पीस १९२७ मध्ये उबुद येथे स्थायिक झाला, तर संगीतकार कॉलिन मॅकफी याने १९३० च्या दशकात सायान गावी घर बांधून गामेलान या वाद्यवृंदाचा अभ्यास केला. या माणसांना जे हाती लागले ते कित्येक वर्षांच्या सहवासामुळे लागले. बालीतले संथपण हे विश्रांतीचे नाव नाही, हे अशा सहवासातूनच कळते, कारण तेथील विधी म्हणजे मुख्यतः काम असते: पाने कापणे, भात शिजवणे, देऊळ झाडणे, मिरवणुकीची तयारी करणे, आणि हे सारे ‘बंजार’ नावाच्या वस्तीच्या सभेने वाटून दिलेले असते. भातशेतीचे पाणी वाटणाऱ्या ‘सुबक’ या शेतकरी संघटनाही जलमंदिरांशी जोडलेल्या असून त्यांच्या भूदृश्याला २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. १९७० च्या दशकात जास्त पिकाच्या हव्यासाने मंदिरांचे लागवडीचे वेळापत्रक बाजूला सारले गेले तेव्हा किडींचा प्रादुर्भाव वाढला, आणि ते वेळापत्रक शेतीशास्त्राच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण होते, हे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जे. स्टीफन लान्सिंग यांनी दाखवून दिले.

देवरीचे वर्ष

श्रम, पाणी, पीक आणि विधी यांची अशीच वीण पाहायची असेल तर मराठी माणसाला समुद्र ओलांडण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेवर आणि नागपूर–रायपूर महामार्गावर वसलेले देवरी हे गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय देवरीत असून तालुक्यात गोंड आणि हलबा समाजांची मोठी वस्ती आहे, आणि झाडीबोलीतली मराठी, गोंडी, हलबी व छत्तीसगढी या भाषा एकाच आठवडी बाजारात कानी पडतात. महामार्गाने जाणाऱ्याला येथे ढाबे आणि ट्रक दिसतात. या भागाचे खरे वर्ष मात्र रस्ता सोडून आत राहणाऱ्यालाच दिसते.

ते वर्ष धानाच्या मागे चालते. पावसाच्या सुरुवातीला पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, टाकली जातात. ती तयार झाली की चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेल्या खाचरात, बायकांचे गट ओळीने वाकून रोवणी करतात आणि त्या दिवसांत गावात दुसऱ्या कशालाही सवड नसते. रोवणीचा ताण ओसरल्यावर पोळा येतो. दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन मुले तान्हा पोळा साजरा करतात आणि रोगराई बरोबर घेऊन जावी म्हणून मारबत, म्हणजे अनिष्टाची प्रतिमा, गावाबाहेर नेली जाते. नवे धान हाती आले तरी गोंड कुटुंबात ते आधी पूर्वजांना आणि पेनांना, म्हणजे कुळाच्या व गावाच्या दैवतांना, अर्पण केल्याशिवाय खाल्ले जात नाही. हीच मर्यादा रानातल्या नव्या फळाफुलांनाही लागू असते, आणि त्यामुळे निसर्गातून काय केव्हा घ्यावे याचा निर्णय एकेका माणसाच्या भुकेवर न राहता साऱ्या समाजाचा होतो. दिवाळीच्या पाडव्याला गोवारी समाज गायगोधनाचा उत्सव करतो, आणि त्यानंतर गावोगावी मंडई भरते, जिच्यात दिवसा बाजार आणि रात्री दंडार हा लोकनाट्यप्रकार किंवा नाटक असते व दूरच्या लेकी-सुना माहेरी येतात.

माघ पौर्णिमेला शेजारच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे अनेक राज्यांतून गोंड भाविक येतात. तेथील प्रचंड गुहेत कली कंकालीची मुले कोंडली गेली होती, पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या प्रयत्नांनी ती मुक्त झाली आणि पुढे त्यांच्यापासून गोंडांची सगा-व्यवस्था, म्हणजे देवांच्या संख्येनुसार कुळांची व विवाहसंबंधांची मांडणी, सुरू झाली, अशी श्रद्धा आहे. गोंडी धर्ममार्गाला ‘कोया पुनेम’ म्हणतात आणि त्याची मांडणी करण्यात भाषाभ्यासक मोतीरावण कंगाली यांचा मोठा वाटा होता. यात्रा संपते तोवर उन्हाळा लागतो. पहाटे झाडाखाली मोहाची फुले वेचली जातात, मे महिन्यात तेंदूपाने तोडून त्यांचे पुडके फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेले जातात आणि पुन्हा आभाळाकडे डोळे लागतात.

पाण्याच्या बाबतीतही बालीशी तुलना करता येण्याजोगा वारसा येथे आहे. जुन्या भंडारा जिल्ह्यातील असंख्य तलाव कोहळी समाजातील जाणत्यांनी बांधले. त्यांतील नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानले जाते आणि लोक त्यांना कोलासूर देव म्हणून पुजतात. तलाव बांधणारा माणूस देव होतो, तेव्हा तलावाची निगा हीही श्रद्धेची बाब बनते. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, संपली, तलाव शासनाकडे गेले आणि गाळ काढण्याची व पाणी वाटण्याची गावाची जबाबदारी सैल पडली, ही हानी केवळ सिंचनाची नव्हती.

जे राहिले, त्यांनी काय केले

अशा प्रदेशात दीर्घ मुक्काम केल्याने काय साधते, याची दोन उदाहरणे मराठी वाचकाने लक्षात ठेवावीत अशी आहेत. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातील शामराव हिवाळे हे मराठी तरुण १९३२ मध्ये, पुढे मानवशास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या व्हेरियर एल्विन यांच्याबरोबर मैकल डोंगरातील करंजिया या गोंड गावी राहायला गेले. तेथे त्यांनी दवाखाना आणि शाळा चालवल्या, गीते व कथा गोळा केल्या, आणि हिवाळे यांनी गोंडांचे परंपरागत गायक असलेल्या प्रधानांवर १९४६ मध्ये एक महत्त्वाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. एल्विन यांची कीर्ती जगभर झाली आणि ते पुढे ईशान्य भारतात गेले, पण हिवाळे त्याच मैकल परिसरात, पाटणगढ येथे, राहिले. दुसरे उदाहरण देवरीच्या अगदी जवळचे आहे. सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला आले आणि माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्यांचे, तसेच रानात वावरणाऱ्या साध्या माणसांचे शिष्य झाले. त्यांच्या लेखनात पक्ष्यांच्या व झाडांच्या स्थानिक नावांची जी श्रीमंती आहे ती या शिष्यत्वातून आली.

दोघांचेही राहणे कामाला जोडलेले होते आणि दोघांनीही यजमानांचे ज्ञान आपल्या ज्ञानापेक्षा कमी मानले नाही. संथ जगण्याच्या आजच्या कल्पनेत ही गोष्ट बहुधा निसटते. शहरातील पगार किंवा निवृत्तिवेतन हाती असलेल्या पाहुण्याला जो वेळ मोकळा वाटतो, तोच वेळ तेंदूपाने तोडणाऱ्या बाईसाठी उन्हाने आणि मजुरीने भरलेला असतो, आणि रोवणी-कापणी आटोपल्यावर कामासाठी परगावी जावे लागणाऱ्या तरुणाला गावाचे संथपण ही निवड नसते. म्हणून अशा गावाला शांततेचे चित्र समजून तेथे राहणे अन्यायाचे ठरते. त्याच्या कामाच्या वेळा, अडचणी आणि मर्यादा स्वीकारून राहणे हेच योग्य होय.

मुक्कामाच्या अटी

यातून काही अटी सहज निघतात. मुक्काम किमान एका पिकाचा असावा, म्हणजे पऱ्हे टाकण्यापासून धान घरी येईपर्यंतचा. निदान व्यवहारापुरती गोंडी किंवा झाडीबोली शिकावी. पेनठाण्यात, म्हणजे दैवतांच्या जागी, भूमकाच्या, म्हणजे गावाच्या पुजाऱ्याच्या, अनुमतीशिवाय पाऊल टाकू नये आणि विधीचे छायाचित्रण गृहीत धरू नये. घरभाडे, जेवण आणि मदतीचा मोबदला गावातील कुटुंबांनाच मिळावा. आणि लिहिलेले, ध्वनिमुद्रित केलेले जे असेल त्याची प्रत गावाला द्यावी.

नियम मात्र पाहुण्यांच्या सद्‌भावनेवर सोडता येणार नाहीत, हा बालीचा धडा आहे. तेथे भातखाचरांच्या जागी पाहुण्यांची घरे उभी राहत गेली, पाण्यावर ताण आला आणि अखेर २०२४ पासून परदेशी पर्यटकांकडून संस्कृती व पर्यावरणाच्या रक्षणासाठी दीड लाख इंडोनेशियन रुपियांचे शुल्क घेण्यास सुरुवात झाली. देवरीवर असा लोंढा अजून आलेला नाही आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क सांभाळणाऱ्या ग्रामसभांना निर्णयाचा आधार दिला आहे. पाहुणे किती असावेत, कोठे राहावेत, कोणत्या विधींना त्यांनी यावे आणि कोणत्यांपासून दूर राहावे, हे या ग्रामसभांनी गर्दी होण्याआधीच ठरवावे. आणि ज्या मराठी वाचकांच्या हाती काही महिन्यांची सवड आहे, त्यांनी परदेशी बेटाचे तिकीट काढण्यापूर्वी देवरीसारख्या तालुक्यात एक पावसाळा विद्यार्थी म्हणून राहण्याचा विचार करावा. आपल्याच राज्यातील एका समाजाचे वर्ष पूर्ण पाहण्याइतका वेळ देणे, हे आजवर न फेडलेले देणे आहे.