गुरांसाच्या पानाची पाठ

एप्रिलमध्ये संदकफूचा ट्रेक करून आलेल्यांच्या मोबाइलमध्ये निम्मे फोटो गुरांसाचे, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांचे असतात. डोंगरच्या डोंगर फुललेला असताना पानांकडे कोण बघणार? पण जात ओळखायची तर फूल बरेचदा फसवतं. नेहमीचा लाल गुरांस जसजसं वर चढावं तसतसा गुलाबी, कधी पांढराही फुलतो. जात मात्र तीच.

खरी ओळख पानाच्या पाठीवर असते. लाल गुरांसाचं गळलेलं पान उचलून उलटा. खाली रुपेरी थर दिसेल, चिकटवल्यासारखा घट्ट. सूक्ष्मदर्शकाखाली कळतं, की ती दाबून बसवलेली, एकमेकींत गुंतलेली लव आहे. आता सुनपाती घ्या, जिची सुवासिक पानं हिमालयात धूप म्हणून जाळतात. तिच्या पानाखाली खवले असतात. प्रत्येक खवला आखूड देठावर उभी असलेली चिमुकली छत्रीच, आणि तिची कड फाटून झालर झालेली. खवले असलेल्या इतर अनेक जातींत ही कड अखंड गोल असते. खवले आहेत की नाहीत, एवढं सांगायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं; कडेचा आकार पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो.

सुमारे हजार जातींच्या या कुळीची मोठी वाटणी या खवल्यांवर झाली आहे. संकर करणाऱ्या बागायतदारांनाही ती पक्की ठाऊक असते, कारण खवलेवाल्याचा बिनखवल्याशी संकर सहसा साधतच नाही.

जोसेफ डाल्टन हुकर १८४८ ते १८५० या काळात सिक्कीम-दार्जिलिंगच्या डोंगरांत फिरले आणि त्यांनी इथल्या ऱ्होडोडेंड्रॉनवर सचित्र ग्रंथ काढला. त्यातल्या फाल्कोनेरीची पानं प्रचंड मोठी. तिथल्याच ग्रँडीचीही तशीच, आणि दोघांची फुलं फिकट, मलईच्या रंगाची. पण भिंगाखाली फाल्कोनेरीची लव पेल्याच्या आकाराची निघते, ग्रँडीची नाही. म्हणून दोघांचे गट वेगळे!

पुढे १९०४पासून जॉर्ज फॉरेस्ट यांनी युनानमधून वाळवलेल्या नमुन्यांचे ढीग पाठवले. एडिंबराच्या वनस्पती उद्यानात बसून त्यांची नाती लावायची म्हणजे पंचाईतच, कारण वाळलेल्या फुलाचा रंग उडतो, आकार चुरगळतो. लव आणि खवले मात्र कागदावर वर्षानुवर्षं शाबूत राहतात. जे. एम. कोवन यांनी १९५०मध्ये या लव-खवल्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यामागच्या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार आहे.

पानावरची प्रत्येक खूण मात्र अशी भरवशाची नसते. पर्णरंध्रांची दाटी एकाच झुडपाच्या उन्हातल्या आणि सावलीतल्या पानांत बदलते. त्यांच्या नुसत्या मोजणीवरून जात ठरवली, तर घात होतो.

२००५मध्ये जनुकावरून वंशवृक्ष मांडला गेला, तेव्हा खवलेवाले सगळे एकाच फांदीवर आले. बिनखवल्यांची मात्र फाटाफूट झाली. खवले असणं नातं सांगतं, नसणं सांगत नाही. लिनियसने १७५३मध्ये लीडम नावाची थंड प्रदेशातली झुडपं ऱ्होडोडेंड्रॉनपासून वेगळी काढली होती. ती आता खवल्यांच्या घरात परतली आहेत. त्यांच्या पानांखाली दाट तांबूस लोकर असते, आणि लोकर बाजूला सारली की खवले दिसतात.