जांभा, गुण्या आणि काठी

'साधने नाहीत' हे वाक्य आमच्या शाळांतून फार वेळा ऐकू येते. पृथ्वीगोल मोडलेला, खडकांच्या नमुन्यांची पेटी कपाटात आणि कपाटाला कुलूप. मग भूगोलातला खडक आणि भूमितीतला काटकोन दोन्ही खडूने फळ्यावर काढायचे, मुलांनी उतरवून घ्यायचे. रत्नागिरीच्या परिसरात तरी ही सबब मला पटत नाही. शाळा ज्या सड्यावर उभी असते तो कातळ, ज्या चिऱ्यांनी ती बांधली ते चिरे, आणि ते चिरे काढणाऱ्यांची, रचणाऱ्यांची मुले तेथेच असतात. बहुधा मागच्या बाकावर.

जांभ्यापासूनच सुरुवात करावी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरून दख्खनचा काळा बेसाल्ट बनला. उष्ण हवेत आणि पावसाच्या माऱ्यात तो कुजत गेला. त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून गेली, लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. जांभ्याचा लाल रंग हा गंजाचा रंग आहे. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ साली केरळातील अंगडिपुरम येथील अशाच दगडाला 'लॅटराइट' म्हटले. लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून हे नाव आले, कारण तेथले लोक तो विटेसारखा कापून वापरत होते. म्हणजे शास्त्रीय नावदेखील दगड कापणाऱ्यांच्या कामावरून पडले. पुस्तकात नाव राहिले ते बुकाननचे.

वर्गात चिऱ्याचा कोरडा तुकडा तोलावा, रात्रभर बादलीत बुडवून पुन्हा तोलावा. वाढलेले वजन हे त्याच्या भोकांत शिरलेले पाणी. मग मुले आपणच विचारतात की, एवढा पाऊस पडूनही सड्यावर उन्हाळ्यात पाणी का नाही? पाणी जांभ्यातून खाली झिरपते आणि खालच्या चिकण मातीवर अडून उतारावर झऱ्याच्या रूपाने फुटते. येथे शिक्षकाने गावाचा उतार काढून घ्यावा, झरे दाखवावेत, कोणती वाडी कोठे वसली आहे तेही दाखवावे आणि हंडा घेऊन कोणाला किती चढावे लागते ते मोजायला सांगावे. हा प्रश्न भूगोलाबाहेरचा आहे, असे एका सहकाऱ्याने मला ऐकवले होते. भूगोल मग कशाला म्हणायचे?

भूमितीचे तसेच. जोत्याची आखणी करताना गवंडी कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करतो आणि तिरके अंतर ५ फूट भरते का पाहतो. शेवटी चौकोनाचे दोन्ही कर्ण ताणून सारखे आहेत का तपासतो. गुण्या त्याच्या पिशवीत असतोच, पण मोठ्या जोत्याला तो दोरीवरच विसंबतो. पायथागोरसचे प्रमेय तीनदा सांगूनही ज्याला कळले नाही, असा माझा एक विद्यार्थी सुट्टीत बापाच्या हाताखाली याच दोऱ्या ताणत होता. मीच त्याला 'गणितात कच्चा' म्हणून शेरा दिला होता.

पण सावध राहिले पाहिजे. मद्रासमध्ये राजगोपालाचारींच्या सरकारने १९५३ साली अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरचा धंदा अशी योजना आणली. हे जातीचेच शिक्षण आहे म्हणून पेरियारांनी आणि इतरांनी तिच्याविरुद्ध रान उठवले. १९५४ मध्ये ती रद्द झाली. गवंड्याच्या मुलाला पुन्हा गवंडी करण्यासाठी दोरी वर्गात आणायची नाही. ३-४-५ ने काटकोन होतो हे बापाला ठाऊक आहे. का होतो, ही सिद्धता मुलाला मिळाली पाहिजे, आणि ती देणे हे शिक्षकाचे काम.

तिसरे साधन काठी. २१ मार्चच्या सुमारास एक मीटरची काठी उन्हात सरळ उभी करून सर्वांत आखूड सावली मोजावी. रत्नागिरीत ती साडेतीस सेंटिमीटरच्या आसपास भरते. कोन काढला तर १७ अंश, हेच येथले अक्षांश. कोकणातल्या प्रत्येक घरातले कोणीतरी मुंबईत असतेच. त्याला त्याच दिवशी चाळीच्या गच्चीवर तेवढीच काठी उभी करायला सांगावे. तेथे सावली ३४ सेंटिमीटरच्या वर जाते, कोन १९ अंश. दोन अंशांचा फरक, आणि नकाशावर उत्तर-दक्षिण अंतर सुमारे २२० किलोमीटर (एस. टी.चा वळणावळणाचा रस्ता धरू नये). ३६० अंशांना किती? १८० गुणिले २२०, म्हणजे ३९,६०० किलोमीटर. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० आहे. इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसने सावलीवरून असाच हिशेब मांडला होता.

सावली अर्धा सेंटिमीटर चुकली तर उत्तर पाच हजार किलोमीटरने सरकते. म्हणून काठीला ओळंबा लावावा लागतो. आमच्या शाळेत तो नव्हता. त्याच मुलाने घरून आणला.