किनाऱ्यावर उतरताना पारपत्र

भूमध्य समुद्राच्या सफरीत जहाज चिव्हितावेक्किया बंदराला लागले, की ७०-८० किलोमीटरवरील रोम पाहण्यास निघालेल्या प्रवाशाने पारपत्र केबिनच्या तिजोरीत ठेवावे की अंगावर बाळगावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नव्हे. कारण जहाजावर परतताना बहुधा जहाजाचे कार्डच पुरत असले, तरी जहाज चुकल्यास पुढील बंदर गाठण्यास पारपत्रावाचून सहसा गत्यंतर नसते. उलटपक्षी, मेट्रोच्या गर्दीत ते खिशातून गेले, की पोलिसांत फिर्याद, वकिलातीत खेटे, आणि अखेर हाती येणारा तातडीचा दाखला तोही केवळ स्वदेशी परतण्यापुरता; शेंगेन व्हिसाही पारपत्राबरोबरच गेलेला! माझ्या मते, रोमसारख्या दूरच्या फेरीत ते सदऱ्याखाली, कमरेच्या चपट्या पिशवीत असावे, आणि नक्कल केबिनमध्ये. बंदरालगतच पाय मोकळे करायचे असल्यास याच्या नेमके उलट.