पाहुणा पियानोवर, यजमान आपण!

‘वीकेण्डला काय?’ या प्रश्नाची आपली उत्तरं ठरलेली असतात. मॉल, मल्टिप्लेक्स, फार तर लोणावळा. एकदा जरा हटके प्लॅन करा. चर्चगेटला उतरा, शेअर टॅक्सी पकडा आणि नरिमन पॉइंटच्या टोकाला एनसीपीए गाठा. तिथल्या जमशेद भाभा थिएटरमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या सीझनची शेवटची कॉन्सर्ट असेल आणि पियानोवर बाहेरचा पाहुणा असेल, तर सोन्याहून पिवळं!

‘पण आपल्याला त्यातलं काय कळतंय?’ हे टेन्शन सोडा. एकेकाळी पु. ल. देशपांडे याच एनसीपीएचे संचालक होते. त्यामुळे ‘हे आपलं नव्हेच’ म्हणायची सोय नाही.

आधी त्या पाहुण्याची गंमत ऐका. व्हायोलिनवाला आपलं व्हायोलिन बगलेत मारून जगभर फिरतो. पियानोवाल्याला ते जमत नाही. हॉलमध्ये जो पियानो असेल तोच आपला म्हणायचा. ऑर्केस्ट्राबरोबर रिहर्सलही मोजक्याच. म्हणजे नव्या ऑफिसात जॉइन झाल्या झाल्या, दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून क्लायंटसमोर प्रेझेंटेशन! पण यजमानही दिलदार असतात. पियानो ऐनवेळी सुरात लावता येत नाही, म्हणून बाकीचे त्याच्या सुराशी आपली वाद्यं जुळवून घेतात. गवयाच्या ‘सा’ला तबला लावतात, तसंच.

उदाहरणार्थ, राखमानिनोव्हचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो घ्या. १९०१ मधली, साधारण ३५ मिनिटांची ही रचना. सुरुवातीला फक्त पियानो. घंटेचे टोल पडावेत तसे स्वर चढत जातात. आता हा पाहुणा मैदान मारणार असं वाटतं, तोच मुख्य धून उचलतात व्हायोलिन आणि मंडळी, आणि पियानो मागे सरकून त्यांना साथ करतो. दुसऱ्या भागात बासरी आणि क्लॅरिनेट गात असतात, तेव्हाही तो आधी साथीलाच. पोस्टरवर फोटो ज्याचा, तोच दुसऱ्याला जागा करून देतोय, हे डोळ्यांनी बघण्यासारखं असतं.

टाळ्यांचं काय? कॉन्चेर्टोचे बहुतेकदा तीन भाग असतात. मधल्या शांततेत टाळी वाजवायची नाही. कंडक्टरने हात खाली घेऊन आपल्याकडे वळेपर्यंत थांबा, मग वाजवा मनसोक्त.

पण शेवटच्या रात्री मनात एक प्रश्न येतोच. या ऑर्केस्ट्रात पाहुणा एकटा पियानिस्ट नसतो. खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांनी २००६ मध्ये तो उभा केला. काही वादक वर्षभर मुंबईत राहतात, पण सीझनपुरते परदेशातून येणारेही बरेच. शेवटच्या टाळ्या संपल्या की बॅगा भरायच्या आणि एअरपोर्ट. मग घर कोण सांभाळणार?

प्रश्न जुना आहे. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. पुढे ते परदेशी गेले आणि १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेला त्यांचा मुलगा झुबिनही शिकायला व्हिएन्नाला गेला. तो जगभर गाजला, पण सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मंचावर कंडक्टर म्हणून उभा राहिला तो थेट २०२३ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी. गुण होते, पण ते फुलवायला इथे जागा नव्हती.

आता ती जागा हळूहळू तयार होतेय. एनसीपीएने २०१२ मध्ये मुलांसाठी म्युझिक अकॅडमी सुरू केली. इथेच राहणारे ऑर्केस्ट्रातले वादक तिथे शिकवतात. वर्षानुवर्षं रोज रियाझ करणाऱ्या या मुलांना उद्या मंच मिळेलही. पण समोरच्या हजारावर खुर्च्या? त्या परदेशातून मागवता येत नाहीत. त्या आपल्यालाच भराव्या लागतील.

तेव्हा पुढच्या सीझनच्या तारखा लागल्या की मित्रमंडळींना फोन फिरवा. पाहुणा दुरून येतोय. यजमानाने घरी नसणं बरं दिसत नाही!